सूर्यशक्ती आणि खेडे



गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गात मी रेवा जिल्ह्यातील सौर वीजकेंद्राची माहिती सांगत होतो. तेथील काही वीज दिल्लीच्या मेट्रो रेल्वेला मिळते, हे ऐकून मुले हरखून गेली. तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, मग बैतूलकडे माझ्या मामांना गव्हाला पाणी देण्यासाठी रात्री दोन वाजता का उठावे लागते?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून हा लेख.

माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे उन्हाला 'वत' म्हणतात. मे महिन्यात अंगणात आमसुले वाळत घातली की आजी आम्हा मुलांना राखणीस बसवी. ऊन फुकटचे; पण कावळे कोणी हाकायचे, वाळवण कोणी परतायचे आणि पावसाची सर दिसताच ते आत कोणी घ्यायचे, हे आधी ठरलेले असे. एके वर्षी ते ठरले नाही आणि सारी आमसुले भिजली. सूर्यशक्तीचेही असेच आहे. ऊन सर्वांचे असले तरी राखणीची वाटणी नीट झाल्यावाचून त्याचा लाभ पदरी पडत नाही. सरकारचे धोरण आणि खाजगी भांडवल यांची भागीदारी म्हणजे मुळात ही वाटणीच होय.

प्रथम रेव्याचेच उदाहरण घेऊ. गुढ तहसिलीतील हे केंद्र ७५० मेगावॅट क्षमतेचे असून १० जुलै २०२० रोजी त्याचे लोकार्पण झाले. मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगम आणि भारतीय सौर ऊर्जा निगम या दोन सरकारी संस्थांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत एक कंपनी काढली. तिने जमीन व इतर सोयी सिद्ध केल्या आणि प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन भाग तीन खाजगी कंपन्यांकडे सोपविले. २०१७ साली बोली लागली, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटमागे २ रुपये ९७ पैसे ठरला. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियानाच्या आरंभी हाच दर दहा रुपयांहून अधिक होता. जगभर सौर तावदाने स्वस्त झाली, हे याचे एक कारण. दुसरे कारण असे की, विजेचे पैसे वेळेवर मिळतील याची हमी सरकारने दिली. बुडण्याचे भय कमी झाले म्हणजे सावकारही व्याज कमी घेतो, हे व्यवहारातील साधे तत्त्व येथे उपयोगी पडले.

तथापि मोठे केंद्र उभे राहिले म्हणजे खेड्यातील शेतकऱ्याची अडचण आपोआप दूर होते, असे नाही. रेव्याची सुमारे चोवीस टक्के वीज दिल्ली मेट्रोला आणि उरलेली राज्याच्या वीज कंपन्यांना मिळते. ती मोठ्या जाळ्यात मिसळते. मग कोणत्या वाहिनीला कोणत्या वेळी वीज सोडावयाची, हे निराळे ठरते. दिवसा कारखाने, कचेऱ्या व शहरे यांची मागणी असते, त्यामुळे शेतपंपांच्या वाट्याला पुष्कळदा रात्र येते. अंधारात बांधावरून जाताना विंचूकाट्याचे आणि थंडीचे भय असते, ते निराळेच. त्या विद्यार्थ्याच्या मामांची अडचण ती हीच.

यावर महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. शेतपंपांची वाहिनी जेथून निघते, त्या उपकेंद्राच्या जवळच लहान सौर केंद्र उभारावयाचे आणि त्याची वीज दिवसा त्याच वाहिनीत सोडावयाची, ही तिची कल्पना. आरंभीच्या प्रयोगासाठी जी गावे निवडली, त्यांत राळेगणसिद्धी होते. २०२३ साली योजनेचे दुसरे पर्व सुरू झाले. त्यात खाजगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले. भांडवल आणि देखभाल कंपनीची, वीज विकत घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार महावितरणचा आणि जमीन शेतकऱ्याची किंवा सरकारची, अशी ही वाटणी आहे. यातील खुबी अशी की, शेतीला महागड्या बॅटऱ्या लागत नाहीत. दिवसा दिलेले पाणी जमिनीत मुरते. तीच त्या विजेची साठवण.

केंद्र सरकारची २०१९ सालची कुसुम योजनाही याच मार्गाची आहे. तिच्यात लहान केंद्रांबरोबर स्वतंत्र सौर पंपांनाही साहाय्य मिळते. जेथे तारा पोहोचल्या नाहीत, तेथे असे पंप उपयोगी पडतात. महाराष्ट्रात शेतकऱ्याला पंपाच्या किमतीचा दहा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. पंप बसविणाऱ्यावर पुढील पाच वर्षांच्या देखभालीचे बंधन असते. माझ्या मते ही देखभालीची अट अनुदानाइतकीच महत्त्वाची आहे. बिघडलेला पंप फुकट मिळालेला असला तरी त्याने एक वाफाही भिजत नाही.

आता पुन्हा बैतूलकडे वळू. त्या जिल्ह्यात घोडाडोंगरीजवळ बाचा नावाचे सुमारे पाऊणशे घरांचे आदिवासी गाव आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील तंत्रज्ञांनी सौर विजेवर चालणारी चूल तयार केली आणि २०१८ च्या अखेरीपर्यंत ती या गावात घरोघर बसविण्यात आली. सरपणासाठी रानात होणारी पायपीट आणि डोळ्यांत जाणारा धूर यांपासून तेथील बायकांना सुटका मिळावी, हा तिचा हेतू. मोठे केंद्र, वाहिनीवरचे लहान केंद्र आणि घरातील चूल, या तीन पायऱ्या ध्यानात ठेवा. शेवटच्या पायरीपर्यंत जे उतरते, तेच खेड्याला मिळते.

या मार्गात खाचखळगे नाहीत असे समजू नये. सौर केंद्राला जमीन लागते. ती गायरान असली तर गावाच्या गुरांनी चरावे कोठे, हे करारापूर्वी ग्रामसभेत विचारले गेले पाहिजे. दिवसभर फुकटात पंप चालू लागला म्हणजे विहिरीचा तळ लवकर दिसतो, हाही धोका आहेच. आणि पैसे देण्याची हमी फक्त कंपनीला, पण वीज मिळण्याची हमी शेतकऱ्याला नाही, अशी भागीदारी लंगडी होय.

कोटरा सुल्तानाबादेतील आमच्या गच्चीवरून आसपासच्या छपरांवर निळी तावदाने हल्ली दिसू लागली आहेत. शहरात हे सोपे आहे, कारण बिघाड झाल्यास कारागीर तासाभरात येतो. सुटीत तुम्ही गावी जाल, तेव्हा तेथील सौर दिव्याजवळ किंवा पंपाजवळ उभे राहून तीन प्रश्न विचारा. हा कोणी बसविला? बिघडला तर कोण दुरुस्त करतो? आणि त्याला शेवटचे कधी बोलाविले होते? उत्तरे वहीत लिहून आणा. त्या मुलाच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर त्या वह्यांतून मिळेल, आणि ते माझ्या उत्तरापेक्षा अधिक खरे असेल.