हिरडीत टिकून राहणारे औषध

नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागले की माणूस प्रथम मीठ-हळद चोळतो, पुढे गुळण्यांचे औषध आणतो आणि दात हलू लागल्यावरच दंतवैद्याकडे जातो. गुळण्या करूनही रोग का वाढला, हा त्याचा प्रश्न रास्त असतो.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधील फट दोन-तीन मिलिमीटर खोल असते. जिवाणूंचा थर साचून त्याचे कीटण झाले म्हणजे हिरडी सुजते, दाताभोवतीचे हाड झिजते आणि फट पाच मिलिमीटरहून खोल जाते. यालाच लोक पायोरिया म्हणतात. या खोल खिशाच्या तळाशी गुळणी पोहोचत नाही. पिचकारीने औषध सोडले तरी हिरडीतून सतत पाझरणारा द्रव ते लवकरच बाहेर लोटतो. औषध गुणकारी असते. पण ते तेथे थांबत नाही.

यावर उपाय म्हणून १९७९ साली अमेरिकेत गुडसन यांनी औषध भरलेले पोकळ तंतू खिशात ठेवून पाहिले. पुढे क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाची जिलेटिनमध्ये बसविलेली चकती निघाली; अमेरिकेत तिला १९९८ साली मान्यता मिळाली. नखाहून लहान अशा या चकतीत अवघे अडीच मिलिग्रॅम औषध असते. ते सात ते दहा दिवस हळूहळू झिरपते आणि चकती आपोआप विरघळते. भारतात माशांच्या कोलॅजेनपासून केलेली चकतीही वापरली जाते. शाकाहारी रुग्णास व माशांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यास हे आधी सांगितलेले बरे.

मात्र कीटण तसेच ठेवून चकती बसविणे व्यर्थ होय. दात व मुळे खरवडून स्वच्छ करणे हाच मुख्य उपचार. चकती त्याच्या जोडीला. ‘दात साफ केले की हलतात’ हा समज शिक्षकांनी आवर्जून दूर करावा. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने ते केवळ धरून ठेवलेले भासतात. विदर्भात घरोघरी पोहोचलेला खर्रा गालात धरण्याची सवय सुटली नाही, तर तेथील हिरडी उतरतच राहते. मधुमेह्यांत हा रोग अधिक बळावतो.

नागपुरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. रक्त दिसताच रुग्णास तेथे पाठवावे. चकती बसविल्यावर दहा दिवस त्या जागी दोरा वा काडी घालू नये आणि तीन महिन्यांनी खिशाची खोली पुन्हा मोजून घ्यावी.