घाट, पाणी आणि पाऊस : परिसरातून इंग्रजी शब्दाभ्यास

महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे ग्रामीण भागातील मुलांच्या कानांवर त्या भाषेचे शब्द लवकर पडू लागले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि माध्यमिक वर्गांच्या पुढे एक अडचण हटकून जाणवते. रोजच्या व्यवहारातले शब्द येतात. पण हवामान खात्याचे पत्रक, प्रकल्पाचा अहवाल किंवा वृत्तपत्राचा अग्रलेख हाती आला की वाचन अडखळते. बंगालमध्ये अध्यापन केलेले इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण मजकुरातील दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द या यादीतले असतात. उरलेले वीस मात्र विषयागणिक बदलतात, आणि मजकुराचे मर्म बहुधा त्या विसांतच असते.

हे वीस शब्द आत्मसात कसे करावयाचे? बाजारातील मार्गदर्शिकांचे उत्तर ठरलेले असते: आद्याक्षरांच्या क्रमाने रोज दहा शब्द पाठ करा. परीक्षेपुरते ते पाठ होतातही. परंतु एकमेकांशी काही नाते नसलेले दहा शब्द मनात फार काळ एकत्र नांदत नाहीत.

आपल्या परंपरेतील पद्धत निराळी होती. 'अमरकोश' अकारविल्हे रचलेला नाही. स्वर्गवर्ग, वनौषधिवर्ग, वैश्यवर्ग अशी त्याची विषयवार मांडणी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'तही राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देताना सुमारे १,४०० शब्द दहा वर्गांत विभागलेले आहेत. दुर्गवर्गात किल्ल्याचे शब्द, लेखनवर्गात दप्तराचे, पण्यवर्गात बाजारपेठेचे. कारकुनाला ज्या कामासाठी शब्द हवा, त्या कामाच्या वर्गातच तो सापडे. हीच दृष्टी इंग्रजीच्या अभ्यासाला लावता येते. आणि त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या डोंगराळ अंगाला असलेले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके विशेष सोयीचे आहेत. इंग्रजीतील अनेक अवघड शब्दांचे मूर्त पदार्थ तेथे शाळेच्या खिडकीतून दिसतात.

चढणीचे शब्द

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला केला. कर्जत सोडून थोडे पुढे गेल्यावर हा मार्ग सह्याद्री चढू लागतो. या चढणीचे सर्वांत तीव्र प्रमाण ३७ स १ असे आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जावे तेव्हा गाडी एक मीटर वर चढते. या प्रमाणाला इंग्रजीत 'ग्रेडियंट' म्हणतात. लॅटिनमधील 'ग्राडुस' म्हणजे पायरी. ग्रेड, ग्रॅज्युअल, ग्रॅज्युएट, डिग्रेड हे सारे त्याच पायरीवरचे शब्द. पदवीधर हा शिक्षणाची एक पायरी चढलेला, आणि 'डिग्रेडेड फॉरेस्ट' म्हणजे पायरी उतरलेले जंगल, हे एकदा उमगले की वन विभागाचा अहवाल वाचताना कोश उघडावा लागत नाही. याच तालुक्यातील नेरळ-माथेरान ही १९०७ सालची छोटी गाडी २० स १ इतक्या तीव्र चढणीवरून जाते. दोन्ही प्रमाणे फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखवावीत. गणिताचा तास आणि इंग्रजीचा तास एकाच वेळी होतो.

घाट चढताना गाडीला मागून रेटा देण्यासाठी जोडलेल्या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. कर्जतच्या मुलांना हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो. परंतु त्याचा पैशाच्या बँकेशी संबंध असावा अशी अनेकांची समजूत असते. येथे 'बँक' म्हणजे चढ, उतार, बांध. नदीचा काठ म्हणजे 'रिव्हर बँक', भरावाचा बांध म्हणजे 'एम्बँकमेंट', आणि चढावर लावायचे इंजिन ते बँकर. ग्रामपंचायतीच्या कामांच्या अंदाजपत्रकात एम्बँकमेंट हा शब्द वारंवार येतो, हे सदस्यांना सांगावयास नकोच.

घाटात पूर्वी खंडाळ्याच्या अलीकडे एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढू लागे. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते मागे पडले. 'व्हेर्तेरे' म्हणजे वळणे या लॅटिन धातूचे कुटुंब त्या एका नावातून उलगडते. रिव्हर्स म्हणजे उलट वळणे, डायव्हर्ट म्हणजे बाजूला वळविणे, कन्व्हर्ट म्हणजे पुरते पालटणे. शेतजमीन बिनशेती करण्याच्या प्रकरणातील 'कन्व्हर्शन' हा शब्द आणि वनजमीन अन्य कामासाठी देतानाचा 'डायव्हर्शन' हा शब्द यांत जो फरक आहे, तोही येथेच स्पष्ट करता येतो.

डोके आणि शेपूट

खोपोलीच्या वर डोंगराच्या अंगावरून उतरणारे मोठाले नळ दुरूनही दिसतात. टाटांच्या जलविद्युत केंद्राचे हे 'पेनस्टॉक'. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी त्यांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली कोसळते व खोपोलीच्या वीजगृहातील चाके फिरविते. हे केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ सालचे.

पाणी जितक्या उंचीवरून पडते त्या उंचीस अभियंते 'हेड' म्हणतात. मुलांच्या लेखी हेड म्हणजे डोके. फार तर हेडमास्तर. सरपंचांच्या लेखी तोच शब्द लेखाशीर्षाचा: खर्च कोणत्या हेडखाली टाकावयाचा, हा प्रश्न त्यांना नित्याचाच. वीजगृहातून काम उरकून बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाट म्हणजे 'टेलरेस', म्हणजे शेपटाकडचा प्रवाह. खोपोलीचे हे पाणी पाताळगंगेला मिळते. भिवपुरीचे पाणी राजनाल्याच्या कालव्यातून कर्जतच्या शेतीला जाते. कालव्यावरील 'टेलच्या' शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, ही तक्रार मराठीतच केली जाते, पण शब्द इंग्रजीच असतो. ज्या शब्दाचा अर्थ गावाने आधीच पचविलेला आहे, तेथून नव्या शब्दाकडे जाणे केव्हाही सोपे.

याच डोक्याचे लॅटिन रूप 'कापुट'. 'पर कॅपिटा' म्हणजे दर डोक्यामागे. मराठीने त्याला 'दरडोई' हा नेमका प्रतिशब्द दिला. कॅपिटल, कॅप्टन, चॅप्टर हीही त्याच वंशातील मंडळी. त्यांतील एक शब्द खालापूरच्या मुलांनी अवश्य शिकावा. 'प्रेसिपिस' म्हणजे तुटलेला कडा, जेथून माणूस डोके खाली करून पडेल असा. 'प्रेसिपिटेशन' म्हणजे आकाशातून खाली कोसळणारे पाणी, अर्थात पर्जन्य. कडा आणि पाऊस यांना एकाच मुळातून आलेले शब्द असावेत, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना नवलाचे वाटणार नाही.

भाताचे शिवार

कर्जत येथे १९१९ पासून भात संशोधन चालत आले आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाच्या प्रादेशिक केंद्रात चालते, आणि 'कर्जत' हे नाव धारण करणारे भाताचे अनेक वाण तेथून निघाले. मराठीत शेतातले ते भात, सडल्यावर तांदूळ. इंग्रजीने त्यासाठी 'पॅडी' हा शब्द मलय भाषेतून उचलला. रोपे उपटून दुसरीकडे लावणे म्हणजे 'ट्रान्सप्लांट'. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेलाही तोच शब्द, आणि मराठीतही रोपावरूनच 'प्रत्यारोपण'. एका फसव्या जोडीकडे मात्र लक्ष द्यावे. कृषी पत्रिकेतील 'टिलर' म्हणजे भाताचा फुटवा. अनुदान योजनेतील 'पॉवर टिलर' म्हणजे नांगरटीचे यंत्र. रूप एक, मूळ वेगळे. रोपवाटिकेसाठी जमीन भाजण्याच्या आपल्या पद्धतीला इंग्रजीत शब्दच नव्हता. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने म्हणून 'राब' हा मराठी शब्दच स्वीकारला.

पावसाचे मोजमाप

वरील वर्ग ज्ञानाच्या हौसेने शिकता येतील. पावसाचा वर्ग मात्र हौसेचा नाही. पावसाळ्यात जिल्ह्याला येणाऱ्या इशाऱ्यांत एक वाक्य पुनःपुन्हा आढळते: 'हेवी टू व्हेरी हेवी रेनफॉल ॲट आयसोलेटेड प्लेसेस'. वाचणाऱ्यास ते अघळपघळ वाटते. वस्तुतः त्यातील प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'हेवी', ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे 'व्हेरी हेवी', आणि त्यापुढे 'एक्स्ट्रीमली हेवी'. ही विशेषणे नव्हेत, मापे आहेत.

'आयसोलेटेड' या शब्दाचेही तसेच. त्याचे मूळ 'इन्सुला' म्हणजे बेट. जुन्या रेल्वे कंपनीच्या नावातील 'पेनिन्सुला' म्हणजे जवळजवळ बेट, आणि विजेच्या तारेवरील 'इन्सुलेशन' म्हणजे तिला बेटासारखे वेगळे ठेवणे. हवामानाच्या पत्रकात आयसोलेटेड म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पडणारा पाऊस. 'स्कॅटर्ड' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'फेअरली वाइडस्प्रेड' म्हणजे ५१ ते ७५, त्याहून अधिक ते 'वाइडस्प्रेड'. तुरळक ठिकाणी म्हटले म्हणजे पाऊस तुरळक, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. ठिकाणे तुरळक असतात. पाऊस अतिवृष्टीचाही असू शकतो, आणि घाटालगतच्या गावी ते ठिकाण आपलेच असण्याचा संभव मोठा असतो. रंगांचेही अर्थ ठरलेले आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे कृती करा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या, आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यानंतर या विषयावरील कागदपत्रांत जे शब्द येतात, त्यांतील भेद ग्रामपंचायतीला कळणे अगत्याचे आहे. 'हॅझर्ड' म्हणजे संकट ज्यापासून संभवते ती गोष्ट, येथे सुटू पाहणारा उतार. 'व्हल्नरेबिलिटी' म्हणजे त्या खाली राहणाऱ्यांची इजा होण्याची शक्यता; लॅटिन 'व्हुल्नुस' म्हणजे जखम. दोन्ही एकत्र आली की 'रिस्क'. निर्जन कड्यावर हॅझर्ड असतो, रिस्क जवळजवळ नसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे दाखवितात ती 'ससेप्टिबिलिटी', म्हणजे उतार कोठे सुटू शकेल. तो केव्हा सुटेल हे त्या नकाशात नसते. त्यासाठी पावसाचा आकडा पाहावा लागतो.

स्थलांतराच्या शब्दांतही असाच भेद आहे. 'इव्हॅक्युएशन' म्हणजे वस्ती रिकामी करणे, काही तासांचे वा दिवसांचे काम. रिक्त पदाचा 'व्हेकंट' आणि सुट्टीचा 'व्हेकेशन' त्याचेच भाऊ. 'रिलोकेशन' म्हणजे जागा बदलणे. 'रिहॅबिलिटेशन' हा शब्द 'हॅबिटॅट'सारखा दिसतो, म्हणून त्याचा अर्थ केवळ पुन्हा वसविणे असा घेतला जातो. पण तो 'एबल' म्हणजे समर्थ या शब्दाच्या जवळचा आहे. पुन्हा समर्थ करणे, हा त्याचा अर्थ. घर मिळाले पण शेत, रान आणि रोजगार दूर राहिला, तर इंग्रजी शब्दाच्या अर्थाने ते काम अपुरेच ठरते. मराठी 'पुनर्वसना'तही तेवढा अर्थ भरून घ्यावयास हवा.

शिक्षकांना पावसाचा वर्ग कोणत्याही खर्चाविना चालविता येईल. सपाट तळाचे, सरळ उभ्या भिंतींचे एक भांडे शाळेच्या अंगणात उघड्यावर ठेवावे. हवामान खाते रोज सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांचा पाऊस मोजते. त्याच वेळी पट्टी बुडवून मिलिमीटरचा आकडा घ्यावा. वहीत चार रकाने असावेत: तारीख, आकडा, त्या आकड्याला लागू पडणारा इंग्रजी शब्द, आणि घरी वापरला जाणारा शब्द. ठाकर व कातकरी मुलांच्या घरच्या बोलीत पावसाच्या प्रकारांना असलेली नावे या चौथ्या रकान्यात जमतील. आकडा ६४.५ ओलांडेल त्या दिवशी वही ग्रामपंचायत कार्यालयात नेऊन दाखवावी, आणि तेथील फलकावर तो आकडा व तो शब्द दोन्ही लिहावेत.