घोंगडीला भोके कोणी पाडली?

गेल्या आषाढात पावसाची झड लागली. मी माळ्यावरची ट्रंक काढली. आत वडिलांची घोंगडी होती. ती पांघरून ते रात्री शेत राखायला जात. त्यांची तेवढीच आठवण घरात उरली होती. उलगडून पाहतो तो काय, घोंगडीची चाळणी झालेली! घरचे म्हणाले, "उंदराने खाल्ली." पण ट्रंक तर बंद होती. मग उंदीर शिरणार कोठून?

घोंगडी खाल्ली ती कसरीने.

कसर दोन प्रकारची असते. एक लोकर व रेशीम खाते. तिचा पतंग नखाएवढा लहान, फिक्या सोनेरी रंगाचा. तो दिव्यावर येत नाही, अंधारात दडतो. हा पतंग कापड खात नाही. मादी कापडावर अंडी घालते. अंड्यातून पांढरट अळी निघते. कापड खाते ती ही अळी. म्हणून नुसते पतंग मारून भागत नाही. घडीत जाळीसारखे धागे किंवा वाळूसारखी बारीक घाण दिसली, की अळी आहे असे समजा.

दुसरी कसर रुपेरी, चपटी, बिनपंखी. शेपटीला तीन केस. उजेड पडताच सुळकन पळते. खळ दिलेले सुती कपडे, कागद, पोथ्या ती कुरतडते. तिला दमट जागा आवडते.

आता उपाय ऐका.

१. घामट किंवा तेलकट कपडा ठेवणीत टाकू नका. अळी तोच आधी खाते. कपडा धुवा, चांगला वाळवा, मग घडी घाला.

२. पावसाळा सरला, की ट्रंक उपसा. पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी कपडे उन्हात घालून झटका. रेशमी लुगडे मात्र कडक उन्हात फार वेळ ठेवू नका. रंग उडतो.

३. ट्रंकेचे कोपरे व फटी झाडा. केर घराबाहेर टाका.

४. डांबरगोळ्या फडक्यात बांधून ठेवा. झाकण घट्ट बसले, तरच त्यांचा गुण येतो. या गोळ्या विषारी आहेत. मुले खाऊ समजून तोंडात घालतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या मुळीच ठेवू नका.

५. कडुनिंबाचा वाळलेला पाला हवा तर घाला. पण तेवढ्याने आतली अळी मरेल, असे धरून बसू नका.

६. पिकावर मारायचे औषध कपड्यांत कधीही टाकू नका. ते विष अंगाला लागते.

माझ्या घोंगडीचा एक तुकडा धड निघाला. ऊन पडल्यावर तो वाळवला, झटकला आणि त्याचे बसकर केले. रोज संध्याकाळी वर्गात मी त्यावरच बसतो. बाकीची घोंगडी गेली ती गेलीच. तुमची ट्रंक आजच उघडून पाहा.

सांगा पाहू :
१. कापड कोण खाते, पतंग की अळी?
२. डांबरगोळ्या कोणत्या कपड्यांत ठेवू नयेत?