हुतात्मा जवानाचे स्मारक : संकटातील शेजाऱ्यास आधार

वसई रोड रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी ही मोठी नागरी वसाहत आहे. तेथून दक्षिणेस निघाले असता नायगाव, वसईची खाडी व भाईंदर ओलांडल्यावर मीरा रोड लागते. तेथील रहिवासी मेजर कौस्तुभ राणे यांना दि. ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधील गुरेझ विभागात घुसखोरांशी लढताना वीरमरण आले. त्यांच्यासमवेत आणखी तीन सैनिक धारातीर्थी पडले. अंत्ययात्रेस अफाट जनसमुदाय लोटला होता. पुढे त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी चेन्नई येथे लष्करी प्रशिक्षण घेतले व २०२० साली त्या स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या.

अशा प्रसंगी गावोगावी फलक लागतात, चौकास नाव दिले जाते, पुष्पचक्र वाहिले जाते. हे योग्यच आहे. परंतु हा सन्मान एका दिवसाचा असतो. दुःख आणि चिंता घरात वर्षभर राहतात. हुतात्म्याचे कुटुंब असो, माजी सैनिक असो, की पीक बुडालेला शेतकरी असो, संकटातील माणूस एकाकी पडू नये, अशी व्यवस्था त्या जवानाच्या नावाने गावात उभी राहिली, तर ते स्मारक अधिक उपयोगी ठरेल. ती कशी उभारावी, याचा विचार या पाठात केला आहे.

सैन्यातील जोडीची रीत

आपल्या सैन्यात दोन जवानांची जोडी लावण्याची पद्धत आहे. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावयाचे, त्याचे खाणे, झोप, मनःस्थिती जाणून घ्यावयाची, आणि काही बिघडले तर वरिष्ठांस कळवावयाचे. शूर माणसासही सोबत्याची गरज असते, हे सैन्याने ओळखले आहे. सैनिकांच्या मानसिक साहाय्यासाठी पुणे येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये ‘टेलि-मानस’चा स्वतंत्र कक्षही सुरू करण्यात आला. मदत मागणे हा भित्रेपणा आहे, हा समज सैन्यच खोडून काढीत असता आपण तो का बाळगावा?

हीच रीत गावात आणावी. दहा-बारा घरांमागे एक विश्वासू सोबती नेमावा. तो बोलका असण्यापेक्षा ऐकून घेणारा व गुप्तता पाळणारा असावा. आशा स्वयंसेविका, माजी सैनिक, बचत गटातील भगिनी या कामास योग्य होत. एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत एका जिन्यावर राहणारे लोकही परस्परांस अनोळखी असतात. तेथे प्रत्येक इमारतीत असा एक सोबती असणे तितकेच अगत्याचे आहे.

चिन्हे व संभाषण

पुढील चिन्हे दिसल्यास सोबत्याने सावध व्हावे :

(१) माणूस सणवार, पारावरची बैठक व कामधंदा टाळू लागतो.
(२) झोप व अन्न तुटते, किंवा मद्यपान वाढते.
(३) ‘माझा सर्वांस भार झाला आहे’ असे बोलणे वारंवार येते.
(४) तो अकारण निरवानिरव करू लागतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो.

अशा वेळी एकांतात बसून शांतपणे विचारावे, “काका, फार त्रास होतो आहे का? जीव देण्याचा विचार मनात येतो का?” असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट मनावरील ओझे हलके होते. उपदेश, दटावणी किंवा दुसऱ्याशी तुलना करू नये. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये व घरातील विश्वासू माणसास तत्काळ बोलावून घ्यावे. गुप्ततेचे वचन जिवापेक्षा मोठे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कीटकनाशकांची पेटी

जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा अल्पकाळ टिकते. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आपले आयुष्य जगतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. शेतीचे उत्पन्न त्यामुळे घसरल्याचे आढळले नाही.

वसई तालुक्यात भात, भाजीपाला, फुले, केळी व पानवेली यांची लागवड होते. औषध फवारणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने लागेल तेवढेच औषध विकत घ्यावे. ते घरात न ठेवता कुलूपबंद पेटीत ठेवावे आणि किल्ली एकाच माणसाकडे असू नये. उरलेले औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नये. कृषी कार्यकर्त्याने शेतभेटीत ही पेटी आवर्जून पाहावी.

स्मृतिदिनाची सभा

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या सुमारास आपल्याकडे भाताची कापणी उरकून झोडणी चालू असते आणि हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणून हाच दिवस सभेस सोयीचा आहे. प्रथम हुतात्म्यास आदरांजली वाहावी. मग सोबत्यांची नावे जाहीर करावीत. त्यानंतर सेवा सोसायटीच्या सचिवांनी कर्जाच्या पुनर्गठनाची व पीकविम्याची माहिती द्यावी. कारण केवळ धीराच्या शब्दांनी हप्ता फिटत नाही. हुतात्म्याच्या कुटुंबाची एखादी अडचण असल्यास ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास त्याच दिवशी लेखी कळवावी. खरिपाच्या तोंडावर, कर्ज घेण्याच्या दिवसांत, दुसरी बैठक भरवावी.

सभेत वीरमरण व आत्महत्या यांची तुलना करू नये. आत्महत्येस त्याग म्हणू नये, तसेच मृताची निंदाही करू नये. घटना कशी घडली याचे वर्णन टाळावे. ज्या घरात अशी घटना घडली असेल, त्या घराशी बोलणे-चालणे तोडू नये. तेथे सोबत्याने अधिक वेळा जावे.

तातडीच्या वेळी

कोणी विष घेतल्याचे कळताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरगुती उपाय करू नयेत, उलटी करवू नये. औषधाचा डबा डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावा. पोलिसांच्या भीतीने काही कुटुंबे विलंब करतात व त्यात प्राण जातो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, अन्यथा सिद्ध झाल्याखेरीज, गृहीत धरले जाते आणि तिला त्याबद्दल शिक्षा करता येत नाही. तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. ही गोष्ट घरोघरी सांगावी.

मन अस्वस्थ असल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतून संभाषणाची सोय आहे. हा क्रमांक ग्रामपंचायत, दूधसंकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र आणि वसाहतीतील प्रत्येक जिन्याशी ठळक अक्षरांत लावावा. हुतात्म्याच्या नावाचा फलक जेथे असेल, तेथे तो अवश्य असावा.