सर्पगंधा : जुन्या औषधीची नवी परीक्षा आणि तींतील शेतकऱ्याचा वांटा

औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयीं विचारणा करणारीं पत्रें आमच्याकडे वारंवार येतात. पत्रांचा आशय बहुधा एकच असतो : अमुक वनस्पति आपल्या पूर्वजांस ठाऊक होती, तिला परदेशांत मागणी आहे असें ऐकतों, तरी ती लावावी किंवा नाहीं? या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. जुन्या वैद्यकांतील औषधीची शास्त्रीय परीक्षा कशी होते, तींत काय टिकतें व काय गळून पडतें, हें ज्यास समजलें तोच शेतकरी आपल्या जमिनीचा व पैशाचा निर्णय शहाणपणानें करील. सबब या लेखांत आम्ही सर्पगंधा ही एकच वनस्पति घेऊन तिची हकीकत सांगणार आहों.

ओळख

सर्पगंधा हें कण्हेर, करवंद व सदाफुली यांच्याच कुळांतील एक ते दोन फूट उंचीचें झुडूप होय. पानें तीन-तीनांच्या वलयांत येतात. फुलें पांढरीं असून त्यांचे देंठ तांबडे असतात. फळें पिकलीं म्हणजे जांभळट काळीं होतात. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या दमट रानांपर्यंत हें झुडूप आपोआप उगवतें. औषधांत त्याचें मूळ वापरतात. तें चवीस अत्यंत कडू असतें. हिंदींत यास छोटा चांद म्हणतात. बिहारकडे तें ‘पागल की दवा’ या नांवानेंही ओळखलें जाई. वेडाचा झटका आलेल्या माणसास शांत झोंप आणण्यासाठीं तेथील लोक या मुळाचा उपयोग करीत. शिवाय सर्पदंशावर हें उत्तम औषध आहे अशीही समजूत फार जुनी आहे.

परीक्षेचा इतिहास

लोकांच्या या दोन समजुती प्रयोगशाळेंत गेल्या तेव्हां काय झालें तें पाहूं. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं आपले अनुभव प्रसिद्ध करून, या मुळानें रुग्णाचा क्षोभ शमतो व वाढलेला रक्तदाब उतरतो असें सांगितलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनीं मुळांतून पांच क्षारधर्मी द्रव्यें निराळीं काढलीं. कॉलेजाचे आधारस्तंभ हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतील एकास त्यांनीं अजमलीन हें नांव दिलें.

पुढें कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं काम चालविलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, शांत करण्याचा गुण या स्फटिकरूप द्रव्यांपेक्षां मागें राहिलेल्या राळेसारख्या चिकट भागांत अधिक आहे. जो भाग टाकाऊ म्हणून बाजूस पडावयाचा, त्यांतच खरा गुण दडलेला होता! १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथील संशोधकांनीं या भागांतूनच रेझर्पीन हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळविलें.

तत्पूर्वीं आपल्या मुंबईंतच एक महत्त्वाचें काम झालें होतें. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर या मुळाचा प्रयोग करून, त्याचा वृत्तांत १९४९ सालीं ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यामुळें पाश्चात्य वैद्यांचें लक्ष या वनस्पतीकडे वेधलें. १९५४ पासून न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवर रेझर्पीनचा उपयोग केल्याचें प्रसिद्ध केलें. आणि १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक देतांना क्लाइन यांच्याबरोबर डॉ. वकील यांचाही गौरव झाला.

परीक्षेंत काय टिकलें, काय गळालें

मन शांत करणें व रक्तदाब उतरविणें हे दोन गुण परीक्षेस उतरले. तथापि त्याच परीक्षेनें दोषही उघड केले. रेझर्पीनची रोजची मात्रा एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. ती थोडी जास्त झाली किंवा दीर्घकाळ चालली तर नाक चोंदतें, अंगास मांद्य येतें, आणि कित्येकांस गाढ उदासीनता येते. म्हणूनच अधिक सुरक्षित औषधें निघाल्यावर डॉक्टर लोक आतां रक्तदाबावर रेझर्पीन क्वचितच देतात. वनस्पति ‘नैसर्गिक’ आहे म्हणून निरुपद्रवी असते, ही समजूत येथें पार खोटी ठरते. आपल्या बांधावरील मुळी उगाळून घरच्या घरीं कोणास देऊं नये, हें आम्ही निक्षून सांगतों.

सर्पदंशाविषयींची समजूत मात्र परीक्षेस उतरली नाहीं. सर्पगंधेनें सापाचें विष उतरतें यास कोणताही आधार मिळालेला नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चार सापांच्या विषावर उतारा म्हणजे रुग्णालयांत टोंचलें जाणारें प्रतिविष होय, दुसरा नाहीं. शेतांत राबणाऱ्या माणसासच सर्पदंशाचा धोका अधिक. मुळी उगाळण्यांत जो अर्धा तास जातो तोच पुष्कळदां प्राणाचा अर्धा तास असतो. नांवांत ‘सर्प’ आहे म्हणून विश्वासून बसूं नका. माणसास हलूं न देतां, धीर देत, तात्काळ रुग्णालयांत न्या.

रानावर आलेली आपत्ति

१९५० नंतर मागणी एकाएकीं वाढली. मूळ हवें म्हणजे झाड उपटलेंच पाहिजे. पान किंवा फळ तोडण्यासारखी ही गोष्ट नव्हे. परिणामीं रानेंच्या रानें रिकामीं झालीं व सरकारास कच्च्या मुळांच्या निर्गतीवर बंधन घालावें लागलें. १९९० सालीं संकटग्रस्त वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत सर्पगंधेचा समावेश झाला. रानांतून मूळ खणणें आतां कायद्यानेंही धोक्याचें आहे व नीतीनेंही गैर आहे. जी मागणी आहे ती शेतांतूनच पुरविली गेली पाहिजे. शेतकऱ्याचा वांटा येथें सुरू होतो.

लागवड

निचऱ्याची, सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेली पोयट्याची जमीन या पिकास मानवते. पाणी सांचणारी भारी काळी जमीन वर्ज्य समजावी. किंचित् सावली चालते. खोडाच्या किंवा मुळाच्या तुकड्यांपासूनही झाड होतें, परंतु त्यांचें मुळांचें उत्पन्न बियांच्या पिकाच्या मानानें फारच थोडें येतें. म्हणून बींच लावावें. बीं जुनें झालें कीं उगवण झपाट्यानें घटते, याकरितां ताजेंच घ्यावें. तें एक दिवस पाण्यांत भिजत घालून वर तरंगणारें फेंकून द्यावें. एकरास दोन ते अडीच किलो बीं पुरतें.

वैशाखाच्या सुमारास शेणखत व पालापाचोळ्याचें खत घातलेल्या वाफ्यांत बीं पेरावें. उगवण पंधरा-वीस दिवसांनीं सुरू होऊन महिनाभर चालूं राहते. धीर सोडून वाफा मोडूं नये. रोपांस चार ते सहा पानें आलीं म्हणजे पावसाच्या सुरुवातीस दोन फूट बाय एक फूट अंतरानें लागण करावी. पहिल्या पावसाळ्यांत तण होऊं देऊं नये. पाणी उन्हाळ्यांत महिन्यास दोनदां व हिंवाळ्यांत एकदां द्यावें. बीं धरावयाचें नसेल तर फुलें खुडावीं. त्यामुळें मुळांस जोर येतो.

काढणी

सुमारें दीड वर्षानें, हिंवाळ्यांत पानें गळालीं म्हणजे काढणी करावी. त्या वेळीं मुळांत सत्त्व अधिक असतें. आधीं हलकें पाणी देऊन खोल खणावें व बारीक मुळेंही वेंचावीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : औषधी द्रव्याचा फार मोठा भाग मुळाच्या सालींत असतो. मुळें स्वच्छ दिसावींत म्हणून साल खरवडली तर मालच फेंकून दिल्यासारखें होईल. मुळें धुऊन, बोटभर-वीतभर तुकडे करून, सावकाश वाळवावीं. ओल शेंकडा ८ ते १० पर्यंत उतरली म्हणजे कोरड्या पोत्यांत भरावीं.

शेवटचा इशारा

औषधी मालाची किंमत वजनावर कमी व सत्त्वावर अधिक ठरते. बाजारांत सर्पगंधेच्या नांवाखालीं तिच्याच जातींतील दुसऱ्या झुडुपांचीं मुळें मिसळतात. म्हणून आपल्या रोपांची ओळख जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पटवून घ्यावी, लागवडीची नोंद व दाखला जपून ठेवावा, आणि मुळांचा नमुना तपासून त्यांतील सत्त्वाचा आंकडा हातीं घ्यावा. जो रोपें महाग विकून ‘सारा माल आम्हीच घेऊं’ असें तोंडी वचन देतो, त्याचा व्यवसाय रोपें विकणें हाच असतो. त्याच्या नादीं लागून कित्येक घरें कर्जांत बुडालीं आहेत. खरेदीदार, भाव व परीक्षेची अट कागदावर आल्यावांचून दीड वर्षाचें पीक धरूं नये. प्रथम दोन-चार गुंठे लावून पाहावें; त्यांत हात बसला व माल खपला, तर पुढचा विचार करावा.

पूर्वजांचें ज्ञान खोटें नव्हतें आणि सर्वच खरेंही नव्हतें. ज्यांनीं तें तपासून पाहिलें त्यांनींच त्याचा खरा मान राखला. आमच्या वाचकांनींही आपल्या शेतांत हीच रीत ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.