मिरगाआधी टाकीचा सामू बघा

पेडणे आणि डिचोलीत ज्यांनी मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायला घेतली आहेत, त्यांनी पावसाच्या तोंडावर सर्वांत आधी पाण्याचा सामू तपासावा. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये माशांनी सोडलेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात आणि त्यावर भाजी पोसते. या कामात पाण्यातला चुना खर्ची पडतो, एक ग्रॅम अमोनियातील नत्रामागे सुमारे 7 ग्रॅम चुनखडीइतका. जांभ्या दगडातल्या आपल्या विहिरींचे पाणी मुळातच मऊ. त्यात आषाढाच्या सरी थेट टाकीत पडू दिल्या, तर सामू 6 च्या खाली उतरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो.

अशा वेळी घाईने कळीचा चुना ओतू नका. सामू एकदम चढला की साठलेला अमोनिया विषारी रूप घेतो आणि रात्रीत मासे उलटे होतात. त्यापेक्षा तिसऱ्यांचे शिंपले वापरा. खारटपणा जाईपर्यंत धुऊन, उन्हात वाळवून ते जाडसर फोडा आणि जाळीच्या पिशवीत भरून वाफ्यातले पाणी टाकीत परत पडते तिथे टांगा. पाणी आंबट होईल तसे शिंपले विरघळतात, म्हणून सामू हळूहळू सावरतो. तो 6.8 ते 7.2 दरम्यान ठेवा. पावसाळ्यात एक दिवसाआड तपासा आणि टाकीवर छप्पर घाला.

डिचोलीच्या कुळागरवाल्यांना आणखी एक कळकळीची विनंती. कोळेरोगासाठी पोफळींवर बोर्डो मिश्रण मारता, त्यातले मोरचूद माशांचा जीव घेते, आणि मऊ पाण्यात तर जास्तच. फवारणीच्या दिवशी टाकी आणि वाफे ताडपत्रीने झाका. नंतरच्या सरींत झावळ्यांवरून ठिबकणारे पाणीही आत येऊ देऊ नका. टाकी पोफळीखाली नसलेलीच बरी. वाफ्यातल्या भाजीवर कीटकनाशक अजिबात नको. माव्याला पाण्याचा फवारा आणि पिवळे चिकट सापळे पुरतात.

खाण पट्ट्यातल्या ओहोळाचे तांबडे पाणी टाकीत घेऊ नका, त्यातला बारीक गाळ माशांच्या कल्ल्यांत बसतो. पेडण्यात खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ लागत असेल तर त्यावर भाजी धरणार नाही.

ढगाळ दिवशी खाद्य कमी करा, दहा मिनिटांत संपेल एवढेच घाला. वीज गेली की दाट भरलेल्या टाकीतला प्राणवायू झपाट्याने घटतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच जोडून ठेवा.

उघड्यावरची पालेभाजी पावसात कुजते, म्हणून छपराखालच्या तांबड्या भाजीला चांगला भाव येतो. चतुर्थीच्या बाजारासाठी महिनाभर आधी बी टाका.

तिलापिया पाळायचा असेल तर मत्स्योद्योग खात्याची परवानगी घ्या आणि टाकीच्या सांडव्याला बारीक जाळी बसवा. पुराच्या पाण्यातून तो व्हाळात शिरला तर परत धरता येत नाही.