तेरचे वस्तुसंग्रहालय : भग्न वस्तूंपासून बोध

तेर म्हणताच संत गोरोबाकाकांचे स्मरण होते. थापटण्याने संतांची परीक्षा झाल्याची कथा कीर्तनातून आपण सर्वांनी ऐकली आहे. १९५६ पर्यंत हे गाव हैदराबाद राज्यात होते. आज ते धाराशिव जिल्ह्यात मोडते. भाविक समाधीचे दर्शन घेऊन परततात. तथापि त्याच गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयही त्यांनी अवश्य पाहावे, असे आम्हांस वाटते.

तेर म्हणजे प्राचीन तगर नगर होय, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली प्रतिपादिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख असून, येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, असे त्यात म्हटले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आस्थेने जमविल्या. त्यांच्या संग्रहातूनच हे संग्रहालय उभे राहिले.

येथे मणी, शंखाच्या बांगड्या, खापरे आणि पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत काढलेल्या बाहुल्या पाहावयास मिळतात. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकटही येथेच जपली आहे. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. तशाच धाटणीची मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडली. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. अर्थात ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. केवढा हा व्यवहार!

आता मुख्य बोध. आम्ही पूजाअर्चा करणाऱ्या घरातले. खंडित मूर्ती पूजेस वर्ज्य, ती जलात विसर्जित करावी, हा आमचा आचार. घरच्या देव्हाऱ्यातील मूर्तीपुरता तो योग्यच आहे. परंतु शेतात वा पाया खणताना निघालेली जुनी मूर्ती नदीत सोडली, तर तिच्याबरोबर गावचा इतिहासही बुडतो. पूजेस अयोग्य ते ज्ञानास अयोग्य नव्हे.

दुसरी गोष्ट स्थानाची. पावसानंतर पांढरीवर उघडा पडलेला मणी कोणी खिशात घालून नेला, तर मणी उरतो, पण तो कोठल्या थरातला, कोणत्या खापरासोबतचा, हे कायमचे हरपते. वस्तूचे वय व तिचा उपयोग या खुणांवरूनच ठरतात. म्हणून असे काही आढळल्यास ते हलवू नये. जागा ध्यानात ठेवावी आणि तहसील कचेरीस वा पुरातत्त्व खात्यास कळवावे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस वर्दी देणे १८७८ च्या कायद्यानेही बंधनकारक आहे.

मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना घाईने पुढे नेऊ नये. एका खापरापुढे थांबवावे आणि विचारावे : हे कोणी घडविले असेल, यात काय शिजले असेल? पूर्वजांविषयीचा आदर अशा प्रश्नांतूनच रुजतो.